मांजराचा मातीचा ट्रे केव्हां बदलावा?



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं आलें असेल, आणि जे जेवावयास बसले असतील त्यांनीं कदाचित् रागानें रेडिओकडे पाहिलेंहि असेल. ज्यानें चौतीस वर्षें मुलांना व्याकरण आणि गणित शिकविलें, त्या म्हाताऱ्यानें मांजराच्या मलमूत्राविषयीं व्याख्यान द्यावें, हें त्याच्या वयास शोभतें काय, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न रास्तच आहे. परंतु ह्या क्षुल्लक विषयाच्या अज्ञानामुळें माझ्या हातून एका मुक्या प्राण्यावर मोठा अन्याय होणार होता, आणि तो अगदीं थोडक्यांत टळला. आतां शहरांतील अनेक घरांत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर मांजरें नांदूं लागलीं आहेत. तेव्हां मला जें उशिरां कळलें तें इतरांना वेळींच कळावें, एवढाच ह्या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम घडलेली हकीकत सांगतों. २०२० सालच्या टाळेबंदींत पुण्यांतील आमच्या इमारतीच्या जिन्याखालीं मांजराचें एक पिलूं ओरडत बसलें होतें. त्याची आई दोन दिवस फिरकली नव्हती. माझ्या मुलानें तें वर आणलें, आणि पुढें तो चांगला धिप्पाड बोका झाला. त्याचें नांव आम्हीं गोट्या ठेविलें. वाड्यांत राहणाऱ्यांचीं मांजरें परसांत जाऊन आपली सोय पाहत. तिसऱ्या मजल्यावरच्या मांजराला परस कोठून मिळणार? म्हणून मुलानें बाजारांतून प्लॅस्टिकचा एक पसरट ट्रे आणि मांजरांसाठीं विकत मिळणारी माती आणली. दुकानदार तिला लिटर म्हणतात. मी आपला मातीच म्हणेन. ट्रेची व्यवस्था घरांतील रिकामा माणूस ह्या नात्यानें माझ्याकडे आली.

२०२४ सालीं सूनबाईंना दिवस गेले. नेमक्या त्याच सुमारास गोट्यानें ट्रे सोडून प्रथम दारांतल्या पायपुसण्यावर, आणि मग एके दिवशीं माझ्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यावर लघवी केली. भेटावयास आलेल्या नातेवाइकांनीं तात्काळ निकाल दिला कीं, गर्भारशीच्या घरांत मांजर मुळींच नको. पोत्यांत घालून मंडईमागें सोडून यावें. वह्यांमुळें मीहि संतापलेला होतों. मीं पोतें काढूनहि ठेविलें. तेव्हां सूनबाई म्हणाल्या, "बाबा, शाळेंतून एखाद्या मुलाला काढण्यापूर्वीं तुम्ही त्याचें म्हणणें ऐकून घेत होतां ना? मग ह्याचेंहि एकदां ऐका." ह्यावर मला उत्तर सुचलें नाहीं. गोट्यास टोपलींत घालून आम्ही पशुवैद्य बाईंकडे नेलें.

बाईंनीं त्याची लघवी तपासली. तींत रोगाचें चिन्ह नव्हतें. मग त्यांनीं माझी परीक्षा घेतली. ट्रेमधील घाण किती वेळां काढतां? "एक दिवसाआड." माती केव्हां बदलतां? "वास येऊं लागला म्हणजे." ट्रे किती जुना? "चार वर्षांचा." धुतां कशानें? "फिनेलनें, आणि तेंहि भरपूर!" हें शेवटचें उत्तर मीं मोठ्या अभिमानानें दिलें. बाई शांतपणें म्हणाल्या, "मास्तर, दोष बोक्याचा नाहीं." चारहि प्रश्नांत मी नापास झालों होतों.

त्या दिवशीं बाईंनीं जें समजाविलें आणि पुढें वाचून जें मीं पडताळून पाहिलें, तें आतां क्रमानें सांगतों.

मांजर आपला मल पुरून टाकतें, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों. पाळीव मांजराचे पूर्वज म्हणजे उत्तर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरें. माणसाशीं त्यांची ओळख फार जुनी आहे. सायप्रस बेटावर सुमारें ९५०० वर्षांपूर्वींच्या एका थडग्यांत मनुष्याच्या शेजारींच मांजर पुरलेलें सांपडलें आहे. रुक्ष प्रदेशांतील ह्या प्राण्याचें शरीर पाणी फार काटकसरीनें वापरतें. त्यामुळें त्याची लघवी थोडी पण अतिशय तीव्र असते. तींत युरिया नांवाचें द्रव्य असतें. जंतु त्याचें विघटन करतात आणि त्यांतून अमोनिया वायु सुटतो. डोळ्यांना झोंबणारा तो वास ह्याचाच होय. शिवाय मांजराच्या, विशेषतः बोक्याच्या लघवींत गंधकयुक्त असें आणखी एक द्रव्य असतें, आणि तें कुजलें म्हणजे बोक्याचा म्हणून ओळखला जाणारा उग्र दर्प येतो. मांजराचें नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण आहे. आपण उभ्यानें ज्या वासाला नाक मुरडतों, त्या वासांत त्याला चार पायांनीं उभें राहून नाक मातीजवळ न्यावें लागतें. तें ट्रे टाळूं लागलें तर त्यांत नवल तें काय?

येथें मला माझ्याच नोकरींतील एक गोष्ट आठवली. एका शाळेंत कांहीं मुली दिवसभर पाणी पीत नसत, आणि दुपारीं त्यांचीं डोकीं दुखत. आम्ही त्यांना आळशी समजत होतों. पुढें एका शिक्षिकेनें विचारल्यावर कळलें कीं, मुलींची मुतारी इतकी घाणेरडी असे कीं तेथें जावें लागूं नये म्हणून त्या तहान मारीत. मुली बोलूं शकत होत्या, तरी आम्हांला तें कळावयास एक वर्ष लागलें. बोक्याला तर बोलतांहि येत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. "ट्रे किती दिवसांनीं बदलावा" ह्या एका वाक्यांत तीन निरनिराळे प्रश्न दडलेले आहेत. घाण केव्हां काढावी हा पहिला, माती केव्हां बदलावी हा दुसरा, आणि पात्र केव्हां टाकून द्यावें हा तिसरा. आपण हे तीन प्रश्न एकत्र कालवतों, म्हणूनच एकाचेंहि नीट उत्तर देत नाहीं.

पहिला प्रश्न घाण काढण्याचा. ती दिवसांतून निदान एकदां, आणि शक्य तर सकाळीं व रात्रीं अशी दोनदां काढावी. निरोगी मांजर दिवसाकाठीं साधारण दोन ते चार वेळां लघवी करतें आणि सुमारें एकदां मलविसर्जन करतें. मुलांना घालीत असूं तसें त्रैराशिक मांडून पाहा. एका दिवसास तीन वेळां, तर सात दिवसांस किती? एकवीस. म्हणजे जो गृहस्थ आठवड्यानें एकदां ट्रेकडे पाहतो, तो आपल्या मांजराला एकवीस वेळां वापरलेल्या जागेवर उभें राहावयास सांगतो. घाण काढण्यासाठीं जाळीदार झाऱ्यासारखें उलथनें मिळतें. तें ह्याच कामासाठीं वेगळें ठेवावें. स्वयंपाकघरांतला झारा चुकूनहि वापरूं नये.

दुसरा प्रश्न माती बदलण्याचा. ह्याचें उत्तर माती कोणत्या जातीची आहे ह्यावर अवलंबून आहे. पूर्वीं पाश्चात्त्य देशांत लोक मांजरांसाठीं चुलींतील राख, वाळू किंवा लांकडाचा भुसा वापरीत. १९४७ सालीं अमेरिकेंतील मिशिगन राज्यांत एडवर्ड लो नांवाच्या तरुणानें, कारखान्यांत सांडलेलें तेल टिपून घेण्यासाठीं विकली जाणारी शोषक माती मांजरांसाठीं देऊन पाहिली, आणि त्यांतून एक मोठा व्यापार उभा राहिला. ही साधी माती ओल शोषून घेते, पण तिचे गोळे होत नाहींत. लघवी तळाशीं जिरून राहते. अशी माती आठवड्यांतून एकदां, आणि वास राहत असल्यास दोनदां, सगळीच्या सगळी बदलावी. १९८० नंतरच्या दशकांत बेंटोनाइट मातीचा प्रसार झाला. ही माती आपल्याकडेहि कच्छ आणि राजस्थान ह्या भागांत सांपडते. तिचा गुण असा कीं, पाणी लागतांच ती फुगते आणि तिचा घट्ट गोळा बनतो. तो गोळा उचलला कीं उरलेली माती कोरडी राहते. म्हणून ही माती, रोज गोळे काढून तितकीच नवी भर घातल्यास, दोन ते चार आठवडे चालते. परंतु चालते म्हणजे अखंड चालते असें नव्हे. गोळ्यांचे बारीक कण मागें राहतातच, म्हणून महिन्याच्या आंत एकदां तरी संपूर्ण माती टाकून ट्रे धुवावा. कोणत्याहि मातीचा थर दोन-अडीच इंच पुरतो.

ही बेंटोनाइट माती शौचकूपांत टाकून पाणी सोडण्याची चूक कोणी करूं नये. जी माती ट्रेमध्यें फुगते ती नळींतहि फुगते, आणि मग साऱ्या इमारतीची नळी तुंबते. ती जुन्या वर्तमानपत्रांत नीट गुंडाळून कचऱ्यांत वेगळी द्यावी. दारावर कचरा न्यावयास येणाऱ्या बाईंच्या हातीं ती उघडी देणें हें असभ्यपणाचें आणि त्यांच्या आरोग्यास घातकहि आहे. तुळशीच्या किंवा भाजीच्या कुंडींत खत म्हणून घालणें तर सर्वस्वीं वर्ज्य. त्याचें कारण पुढें सांगतों.

तिसरा प्रश्न पात्राचा, आणि माझी चूक मुख्यतः येथेंच झाली होती. प्लॅस्टिकचें पात्र कायमचें असतें अशी माझी समजूत होती. परंतु मांजर माती उकरतें तेव्हां नखें तळाला लागतात आणि तेथें बारीक चरे पडतात. त्या चऱ्यांत ओल आणि जंतु घर करतात, आणि वास प्लॅस्टिकमध्यें इतका मुरतो कीं कितीहि घासलें तरी जात नाहीं. म्हणून प्लॅस्टिकचा ट्रे साधारण वर्षानें बदलावा. ह्याची एक सोपी कसोटी आहे. ट्रे गरम पाण्यानें धुऊन उन्हांत पूर्ण वाळवावा आणि मग नाक जवळ नेऊन हुंगावा. कोरड्या ट्रेला वास येत असेल, किंवा तळावरून बोट फिरवितांना चरे लागत असतील, तर वर्ष पुरें होण्याची वाट पाहूं नये. स्टीलचा ट्रे मिळाल्यास उत्तम. त्यांत वास मुरत नाहीं आणि तो पुष्कळ वर्षें टिकतो. नवा ट्रे घेतांना तो लांबीनें मांजराच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट असावा. मांजरें दोन असलीं तर ट्रे तीन, असा नेम जाणकार सांगतात. जुना ट्रे एकदम काढून टाकूं नये. नवा चार दिवस त्याच्या शेजारीं ठेवावा व त्यांत जुन्या मातीची मूठभर भर घालावी, म्हणजे मांजर बुजत नाहीं.

आतां धुण्याविषयीं, कारण येथें जिवाशीं गांठ आहे. आपल्या घरांत स्वच्छता म्हणजे फिनेल, असें समीकरणच झालें आहे. पाण्यांत टाकतांच दुधासारख्या पांढऱ्या होणाऱ्या अशा द्रव्यांत बहुधा फेनॉलच्या जातीचे पदार्थ असतात. मनुष्याचें यकृत त्यांचें विष बरेंचसें निवारूं शकतें. मांजराच्या यकृताला ती शक्ति फार थोडी असते. मांजर ट्रेमध्यें पाय भरवितें आणि मग तेच पाय चाटतें. म्हणजे ज्या दिवशीं मी ट्रे भरपूर फिनेलनें धूत होतों, त्या दिवशीं मी गोट्याला थोडें थोडें विषच चाटवीत होतों. माणसाला तापावर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळीहि मांजराला अशीच प्राणघातक ठरते, हेंहि ह्या निमित्तानें ध्यानांत ठेवावें. ब्लीचिंगचें पाणी अमोनियाच्या संपर्कांत आलें म्हणजे त्यांतून विषारी वायु निघतो, म्हणून लघवीच्या ट्रेवर तेंहि ओतूं नये. सौम्य साबण, कढत पाणी आणि ऊन ह्यांहून अधिक कांहीं लागत नाहीं.

राहिला गर्भारशीचा प्रश्न. नातेवाइकांची भीति अगदींच निराधार नव्हती. टॉक्सोप्लाझ्मा नांवाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. १९०८ सालीं ट्यूनिस येथें निकोल आणि मांसो ह्या शास्त्रज्ञांना तो गुंडी नांवाच्या एका उंदरासारख्या प्राण्यांत आढळला. १९७० च्या सुमारास असें सिद्ध झालें कीं, त्याचीं बीजें मांजराच्या आंतड्यांत तयार होऊन मलावाटे बाहेर पडतात. गरोदर स्त्रीला त्याची बाधा आयुष्यांत प्रथमच त्या काळांत झाली तर गर्भाला अपाय होऊं शकतो. परंतु बाकीचीं तथ्येंहि ऐकावीं. मांजर हीं बीजें बहुधा आयुष्यांत एकदांच, एक ते तीन आठवडे टाकतें. उंदीर-पक्षी मारणाऱ्या किंवा कच्चें मांस खाणाऱ्या मांजराला ही बाधा होते. घराबाहेर न जाणाऱ्या आणि शिजविलेलें अन्न खाणाऱ्या मांजराला ती होण्याचा संभव फार थोडा असतो. माणसांना तर ती अर्धकच्चें मांस आणि न धुतलेली भाजी ह्यांतूनहि होते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, बाहेर पडलेलें ताजें बीज लगेच बाधत नाहीं. तें परिपक्व व्हावयास एक ते पांच दिवस लागतात. म्हणून जो ट्रे रोज साफ होतो त्यांतील मल धोकादायक होण्यापूर्वींच घराबाहेर गेलेला असतो, आणि मी जो एक दिवसाआड साफ करीत होतों तोच धोका वाढवीत होतों. मातींत हीं बीजें वर्षभर आणि त्याहूनहि अधिक काळ जिवंत राहूं शकतात, म्हणून कुंडींत ती माती घालावयाची नाहीं. सामान्य जंतुनाशकांना तीं दाद देत नाहींत. कढत पाण्यानें मात्र मरतात.

तेव्हां नियम असा कीं, गर्भारशीनें ट्रेला हात लावूं नये. तें काम घरांतील दुसऱ्या कोणीं करावें. दुसरें कोणीच नसेल तर हातमोजे घालून रोज करावें आणि मागाहून साबणानें हात धुवावेत. शंका वाटल्यास डॉक्टरांना विचारून रक्त तपासून घ्यावें. मांजराला घराबाहेर काढण्याची आवश्यकता नाहीं. आमच्या डॉक्टर बाईंनींहि सूनबाईंना हेंच सांगितलें.

शेवटीं एक इशारा. ट्रे रोज साफ करण्याचा आणखी एक लाभ आहे, तो असा कीं मांजराच्या प्रकृतीचें हजेरीपुस्तक आपल्या हातीं राहतें. गोळे एकाएकीं मोठे आणि पुष्कळ होऊं लागले तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असूं शकतो. बोका वारंवार ट्रेमध्यें बसून कुंथत असेल आणि लघवी मात्र होत नसेल, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला असण्याचा संभव आहे. अशा वेळीं उद्यां पाहूं असें म्हणूं नये; तो एक-दोन दिवसांत मरूं शकतो. त्याच घटकेस पशुवैद्याकडे न्यावें. आणि ज्या मांजरानें एकाएकीं ट्रे सोडला आहे त्याला शिक्षा करण्यापूर्वीं दोन गोष्टी पाहाव्या. तें आजारी तर नाहीं ना, आणि आपला ट्रे घाण तर नाहीं ना? मांजर सूड म्हणून घाण करतें हा आपल्या मनाचा खेळ आहे.

आमच्या घरीं नवा ट्रे आला. त्याच्या तळाच्या बाहेरील बाजूस मीं रंगानें तारीख लिहून ठेविली, कारण चार वर्षें कशीं जातात हें म्हाताऱ्या माणसाला कळत नाहीं. आपणहि तसें लिहून ठेवावें, असें मी सुचवितों. सकाळच्या चहानंतर आणि रात्रीं निजण्यापूर्वीं मी घाण काढतों, दर तिसऱ्या आठवड्यास माती बदलतों, आणि फिनेलची बाटली ट्रेच्या आसपासहि येऊं देत नाहीं. पांचव्या दिवसापासून गोट्यानें पायपुसण्याकडे पुन्हां पाहिलें नाहीं. वह्यांचा गठ्ठा मात्र गेला तो गेलाच.

सूनबाईंना यथाकाल मुलगी झाली, आणि ती सुखरूप आहे. आतां ती चालूं लागली आहे आणि गोट्याचें शेपूट धरण्याचा तिचा उद्योग दिवसभर चालू असतो. तो तें निमूटपणें सहन करतो. तिचा हात ट्रेपर्यंत पोंचूं नये म्हणून ट्रे आतां दुसऱ्या न्हाणीघरांत ठेविला आहे. मंडईमागें जाण्यासाठीं जें पोतें काढून ठेविलें होतें, त्यांत सध्यां कांदे आहेत. कांदे काढावयास गेलों कीं मला त्या दिवसाची आठवण होते, आणि त्याच पावलीं मी एकदां ट्रेकडेहि पाहून येतों.